सगळ्याला नाही

रंगाऱ्याने प्लॅस्टिकच्या पडद्याखालच्या फटीतून हात आत घातला आणि थेट स्क्रीनवर बोट टेकवलं. नखाभोवती पांढरा रंग सुकून बसला होता. "थांबा साहेब. ही ओळ काय म्हणते?" एरवी असं कुणी विचारत नसे. समोर बसलेलं माणूस एकतर स्वतःच्या फोनकडे बघे, नाहीतर भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि टपरीत बसून लोकांचे प्रवासाचे फॉर्म भरून देणारा फॉर्मवाला आपला बाणाचं टोक उजव्या कडेने खाली खाली नेत, सदऱ्याची बटणं लावावीत तशी एकेक 'नाही' दाबत जाई. चौदा प्रश्न, चौदा 'नाही', पुढचं पान. परदेशी जाणाऱ्या माणसाला ताप नाही, खोकला नाही, घरात कुणी आजारी नाही, गेल्या चौदा दिवसांत तो कुणाच्या जवळ गेला नाही, कुणी त्याच्या जवळ आलं नाही. असा माणूस जगात नसतो, हे फॉर्मवाल्यालाही कळत होतं. पण त्या देशांना तसाच माणूस हवा होता, आणि तो तसा माणूस करून देत असे.

रंगारी ओठ हलवत ओळ वाचत होता. "मागच्या सहा महिन्यांत तुम्हाला हा आजार झाला होता काय. झाला होता की. हो लिहा."

"हो नको. हो लिहिलं की फॉर्म अडकतो."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. दीड वर्ष झालं, हेच करतोय इथं बसून."

"माझा मेव्हणा गेल्या महिन्यात हो लिहूनच गेला की. जुना रिपोर्ट लावायचा, डॉक्टरची चिठ्ठी लावायची, मग विमानतळावर नाकात काडीसुद्धा घालत नाहीत. लिहा तुम्ही. अडकला तर माझा अडकेल, तुमचं काय जातंय?" त्याने वरच्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद काढून फटीतून आत सरकवले. घडीवर घडी पडून ते मऊ झाले होते.

फॉर्मवाल्याने 'हो' दाबलं. खाली दोन चौकोन उघडले. इतक्या दिवसांत हे चौकोन त्याने कधी पाहिले नव्हते. वहिवाटीच्या खोलीत एखाद्या दिवशी कपाटामागे दार निघावं तसं त्याला झालं. त्याने कागद स्कॅन केले, एकात एक चढवले आणि पाठवा म्हटलं. दोन मिनिटं. त्याने घड्याळात बघितलं म्हणून कळलं, नाहीतर तेवढीही वाटली नसती. हिरवी पट्टी आली, खाली बारीक अक्षरांत ओळ आली: विमानतळावरील तपासणीतून सूट. प्रिंटरने कागद बाहेर ढकलला. रंगारी हसला. "बघा. तुम्ही उगाच लोकांना निरोगी करून पाठवता." शेजारच्या टपरीतला किल्लीवाला कानस थांबवून डोकावला. त्याच्या कानातून काही सुटत नसे. "काय नाहीमास्तर, आज हो म्हणालात म्हणे? तब्येत बरी आहे ना?" नाहीमास्तर हे नाव त्यानेच पाडलं होतं आणि सगळी गल्ली ते वापरत होती. फॉर्मवाला एरवी त्यावर काहीतरी बोलून हिशेब फेडत असे. आज त्याने नुसती मान हलवली. स्टूलवरून रंगारी उठून गेला तरी तो त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिला, मग तीही आपोआप विझली.

दोन मिनिटं लागतात हे त्याला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, हाच त्याचा आधार होता. गेले अडीच महिने तो स्वतःला सांगत आला होता की हो लिहिलं असतं तरी फॉर्म अडकलाच असता. वरच्या कुणा साहेबाकडे गेला असता, आठवडा काढला असता, ताईचं, थोरल्या बहिणीचं, विमान तेव्हाही चुकलंच असतं. हे त्याने इतक्या वेळा घोटलं होतं की त्याची धार गेली होती, हातात धरता येत होतं. आता एका रंगाऱ्याने बोट टेकवून ते काढून घेतलं. आणि चार वाजता ताई येणार होती, फॉर्म भरायला.

मुळात हे 'सगळ्याला नाही' त्याने कुणाचं वाईट व्हावं म्हणून सुरू केलं नव्हतं. साथीच्या पहिल्या महिन्यांत तो प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवी. माणूस म्हणेल ते लिही. तेव्हा एक ट्रकचालक आला होता, चांगला थोराड, आवाज खोल. खोकला आहे काय, असं वाचल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आहे थोडा. विडीचा. वीस वर्षांचा आहे." फॉर्मवाल्याने लिहिलं. फॉर्म तपासणीत गेला तो अकरा दिवस तिथेच राहिला, तोवर तिकडच्या कंपनीने दुसरा माणूस घेतला. ट्रकचालक पुन्हा आला, शिवीसुद्धा दिली नाही, या इथेच स्टूलवर अर्धा तास बसला आणि उठून गेला. त्याचं ते बसणं फॉर्मवाल्याच्या छातीवर बसलं. त्या दिवसापासून त्याने वाचणं सोडलं. विचारलं की माणसं खरं बोलतात, आणि खरं बोलली की मरतात. त्यापेक्षा विचारूच नये. उलट उठताना तो प्रत्येकाला बजावी, "तिथं कुणी काही विचारलं तर नाही म्हणायचं. फॉर्मवर नाही आहे, तोंडातही नाहीच पाहिजे. झाकली मूठ." माणसं माना डोलवत. काही जण दारापर्यंत जाऊन परत येत आणि विचारत, "सगळ्याला नाही ना?" तो म्हणे, "सगळ्याला."

आणि घरातही तेच. ताईला ताप आला तेव्हा पहिला विचार त्याच्या मनात आला तो ताईचा नव्हता, जिन्याचा होता. ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती, तो पहिल्या. त्याच जिन्याने सगळी बिऱ्हाडं चढत उतरत. त्या दिवसांत ज्या घरात आजार निघे त्या घराच्या दारावर पट्ट्या ठोकत, खालची दुकानं बंद करत, आणि पट्ट्या काढल्यावरसुद्धा माणसं त्या घरापुढून जाताना श्वास धरत. त्याने ताईला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये नेलं, जिथे कुणी ओळखत नव्हतं. रिपोर्ट आला तो खिशात घातला, फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला, कारण तो कुठल्याही कागदाचा फोटो काढून ठेवी, धंद्याची खोड. बिऱ्हाडांना सांगितलं, ताई बाहेरगावी गेलीय. सतरा दिवस ताई त्या दोन खोल्यांत बाहेरगावी होती. खोकल्याची उबळ आली की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. तो दारापाशी डबा ठेवायचा, दोनदा टकटक करून खाली उतरायचा, आणि जिन्यात कुणी भेटलं तर म्हणायचा, "झाडांना पाणी घालून आलो." ताईकडे एकच कुंडी होती. एवढं पाणी त्या कुंडीत घातलं असतं तर ती वाहून गेली असती. डॉक्टर फोनवरच औषध सांगत होते. शेवटी त्यांनी चिठ्ठीही फोनवरच पाठवली, की रुग्ण पूर्ण बरा आहे, प्रवासाला हरकत नाही. प्रवास तेव्हा कुणाच्या मनात नव्हता, डॉक्टरांची ती लिहायची पद्धत असेल. ती चिठ्ठीही फोनमध्ये राहिली, रिपोर्टच्या फोटोशेजारी. ताई बरी झाली आणि खाली आली तेव्हा शेजारीण म्हणाली, "हवा मानवली नाही वाटतं, किती उतरलात." ताई म्हणाली, "हो ना, पाणी बदललं." मग दोघं बहीण-भाऊ घरात येऊन तोंडावर हात धरून हसले होते. ते हसू त्याला आता आठवे तेव्हा लाज वाटे. चोरी साधल्यावर माणूस हसतो तसं ते हसू होतं.

पाच आठवड्यांनी ताईच्या जावयाचा फोन आला. भाची तिकडे नवऱ्यासोबत सात वर्षं होती, तिच्या पोटात गाठ होती हे माहीत होतं. आता डॉक्टरांनी दिवस मोजून दिले होते. साथीचा आजार नव्हता तो, आपला जुनाच, ज्याला कुणी पट्ट्या ठोकत नाही. जावई म्हणाला, "आईंना पाठवा. ती सारखी विचारते." फॉर्मवाल्याने त्या दिवशी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं आणि बहिणीचा फॉर्म भरायला बसला. किती जपून भरला होता. पासपोर्टचा फोटो तीनदा काढला, चकाकी येऊ नये म्हणून. तिकडच्या पत्त्यातला घरक्रमांक जावयाला विचारून पुन्हा पडताळला. आणि प्रश्नांचं पान आलं तेव्हा बाण उजव्या कडेला गेला आणि खाली उतरला. अकरावा प्रश्न, हा आजार झाला होता काय, तो त्याने वाचला नव्हता असं नाही. डोळ्यांखालून गेला होता. पण हात डोळ्यांच्या पुढे होता. दीड वर्षात त्या हाताने हजारेक माणसांना निरोगी केलं होतं, आपल्या बहिणीला तो आजारी कसा करील? फटीतून प्रिंट घेताना ताईने विचारलं होतं, "तिथं काय विचारतील रे?" तो म्हणाला, "काही विचारू देत. सगळ्याला नाही." ताई शाळेतल्या मुलीसारखी पुटपुटली, "सगळ्याला नाही."

विमानतळावर सोबतच्या माणसाला आत सोडत नव्हते. बाहेर काच होती, काचेपुढे लोखंडी कठडा, कठड्याला रांगेने टेकलेली माणसं. जो तो आपापल्या माणसाची पाठ शोधत होता. सकाळचं कोवळं ऊन काचेवर पडलं होतं, त्यामुळे आतलं कमी आणि स्वतःचीच तोंडं जास्त दिसत होती. त्याने डोळ्यांच्या बाजूंना तळहात लावून बघितलं तेव्हा ताई दिसली. तपासणीच्या टेबलाशी मान वर करून बसलेली, नाकात काडी घातली तेव्हा तिने आपली पिशवी घट्ट धरलेली. मग ती दिसेनाशी झाली. तासाभराने त्याचा फोन वाजला. बाईचा आवाज, मास्कमधून घुसमटलेला, दिवसभर तेच तेच बोलून झिजलेला.

"तुम्ही यांचे कोण?"

"भाऊ. धाकटा."

"यांची टेस्ट पॉझिटिव्ह दाखवतेय. पण आकडा अगदी काठावरचा आहे. जुना आजार असला की असं येतं. यांना आधी झाला होता का? त्या नाही म्हणतायत. झाला असेल तर जुना रिपोर्ट आणि डॉक्टरची चिठ्ठी मला या नंबरवर पाठवा, मी सोडू शकते. काउंटर बंद व्हायला पस्तीस मिनिटं आहेत."

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"फॉर्मवर तसंच आहे ना? नाही झालेला."

"ठीक आहे," बाई म्हणाली. फोन ठेवण्यापूर्वी ती क्षणभर थांबली होती. त्या थांबण्यात जागा होती. एक अख्खं माणूस त्यातून जाऊ शकलं असतं.

या फोनपाशी येऊन त्याचं मन रोज फिरे, खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखं, तेवढ्याच दोरीत. तो 'नाही' कुणी म्हटला? हाताची सवय तोंडाला लागली होती, विचार येण्यापूर्वी शब्द निघून गेला, असं एक उत्तर होतं. पण मग बाईने 'नक्की?' विचारल्यावर म्हटलेला? तिथे तर विचाराला वेळ होता. आणि त्याला स्वच्छ आठवत होतं की तेव्हा त्याने विचार केला होता. फॉर्मच्या तळाशी लाल अक्षरात ओळ होती, खोटी माहिती दिल्यास प्रवास कायमचा नाकारला जाईल व कारवाई होईल. हो म्हटलं तर फॉर्म खोटा ठरतो. तो कुणी भरला, विचारतील. त्याचं नाव निघेल, त्याच्या हातचे हजार फॉर्म निघतील, कुणाकुणाला तिकडून परत पाठवतील. शिवाय ताईलाच कायमचं नाकारलं तर? हे सगळं त्याच्या डोक्यातून सरसर गेलं, आणि ते सगळं खरंही होतं. पण त्याहून खरी एक गोष्ट होती: फोन त्याच्या कानाला होता आणि त्याच फोनच्या पोटात दोन्ही कागद होते. त्याच्या गालाला चिकटलेले. ते त्याला त्याही क्षणी माहीत होतं. नंतर आठवलं, असं तो स्वतःला सांगू शकला असता तर किती बरं झालं असतं. पस्तीस मिनिटं तो कठड्याशी उभा राहिला. फोन हातात धरून. एकदा त्याने तो नंबर काढलासुद्धा, अंगठा वर धरला. मग शेजारचा म्हातारा म्हणाला, "जरा सरका, माझी सून दिसतेय," तेव्हा तो सरकला, आणि सरकण्यात तो क्षण गेला. म्हाताऱ्यावर ढकलावं इतकंही त्यात काही नव्हतं.

ताई बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. सूटकेस ओढत आली, त्याच्यापासून दहा पावलांवर थांबली आणि म्हणाली, "लांबच राहा. माझ्यात अजून आहे म्हणतात." टॅक्सीत ती मागे खिडकीला चिकटून बसली, काच उघडी ठेवून, तोंड बाहेर. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "मी बरोबर बोलले ना रे? त्या बाईने तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नाहीच म्हटलं." तो पुढे चालकाशेजारी बसला होता. "बरोबर बोललीस," तो म्हणाला. चौथ्या दिवशी भाची गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत शुद्धीवर होती आणि नवऱ्याला विचारत होती, आई विमानात बसली का. जावयाने हे चांगल्या मनाने सांगितलं, आईला बरं वाटावं म्हणून.

तेव्हापासून ताई स्वतःच्या शरीराशी गुन्हेगाराशी वागावं तशी वागू लागली. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या, इतक्या की ओठांचे कोपरे फुटले. पेला वेगळा, ताट वेगळं, ती भांडी ती स्वतःच उकळून घेई. बोलताना तोंड भिंतीकडे. जिन्यात कुणाचं मूल दिसलं की वर परत जाई. एकदा तिने विचारलं होतं, "माझ्यातच का राहिलं असेल रे ते? इतर सगळ्यांचं जातं. माझ्यातच काय गोड लागलं त्याला?" तेव्हा तो म्हणाला होता, "शरीराचं काय सांगावं, ताई." हे वाक्य त्याने उच्चारलं होतं. विमानतळावरच्या 'नाही'ला सवयीची, भीतीची, घाईची सबब होती. या वाक्याला कसलीच नव्हती. संध्याकाळ होती, तो चहा पीत होता, घाई नव्हती, काउंटर बंद होणार नव्हता. त्याने चहाचा घोट घेतला आणि बहिणीच्या मुलीचं मरण तिच्याच घशात ठेवून दिलं.

आता जावयाने पुन्हा बोलावलं होतं. नात सहा वर्षांची. आई गेल्यापासून बोलायची बंद झाली होती. शाळेत नाही, घरात नाही, डॉक्टरकडे नाही. फोनवर आजी दिसली की मात्र स्क्रीनला नाक लावून बसायची, काही न बोलता, फोन बंद होईपर्यंत. जावई म्हणाला, "आई, तुम्ही आलात तर कदाचित." ताई चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "माझ्यातून गेलं असेल का रे आता? नाहीतर त्या पोरीला मी आणखी काहीतरी द्यायची." आणि तो म्हणाला, "फॉर्म तर भरू."

दुपारभर तो गिऱ्हाइकांशी बोलत होता आणि आतल्या आत रस्ते मोजत होता. नेहमीसारखं सगळ्याला नाही लिहावं, तर विमानतळावर पुन्हा काडी. ती कोरी येईल बहुतेक, अडीच महिने झाले. पण बहुतेकवर त्या मुक्या पोरीला टांगून ठेवायचं? आणि पुन्हा काठावरचा आकडा आला तर ताई या वेळी काचेतून बाहेर येणार नाही, आतच कुठेतरी संपेल. ताईला न सांगता गुपचूप हो दाबावं, कागद चढवावेत, तर तिथली बाई विचारणार, आणि ताई आपली शिकवल्याप्रमाणे नाही म्हणणार. कागद एक बोलेल, तोंड दुसरं, मग संपलंच. म्हणजे ताईला हो म्हणायला शिकवावं लागणार. आणि हो म्हण, असं सांगितल्याबरोबर ती विचारणार, मग तेव्हा? ती लिहायला-वाचायला शिकली नसली तरी बुद्धीने कमी नव्हती. साठ वर्षं भाजीवाल्यांना तिने तोंडी हिशेबात हरवलं होतं. त्याने वाक्य तयार केलं. तेव्हाही हाच प्रश्न होता ताई, मी चुकीचं लिहिलं, आणि मला फोन आला तेव्हाही मी खोटं बोललो, तुझ्या शरीराचा काही दोष नव्हता. तो ते मनात म्हणून बघे, आणि प्रत्येक वेळी मधला तुकडा गळून पडे, फोनचा. मग तो पुन्हा पहिल्यापासून म्हणे. किल्लीवाला म्हणाला, "काय पुटपुटताय? 'हो'चा सराव चाललाय का?"

ताई चारला आली. स्टूल तिरकं करून, तोंड रस्त्याकडे ठेवून बसली. डोक्यावरून घेतलेल्या ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं. तिने पासपोर्ट फटीतून आत ढकलला आणि हात चटकन मागे घेतला, आतल्या हवेला लागू नये म्हणून. त्याने नाव, पत्ता, विमानाचा क्रमांक भरला. प्रश्नांचं पान उघडलं. मग तो मोठ्याने वाचू लागला.

"आज वाचून दाखवतोयस?" ताई म्हणाली.

"नवा फॉर्म आहे."

"बरं. वाच." आणि प्रत्येक प्रश्नाला ती रस्त्याकडे बघत 'नाही' म्हणत गेली. ताप? नाही. खोकला? नाही. श्वासाला त्रास? नाही. वास येत नाही असं झालंय? "वासाचं काय विचारतात मेले. नाही." आठ झाले. प्रश्नांचा क्रम बदलला होता, तो अकरावा प्रश्न आता नववा होता.

"मागच्या सहा महिन्यांत तुम्हाला हा आजार झाला होता काय?"

"नाही," ताई म्हणाली. ताबडतोब, ठाम. त्या टेबलाशीही तिने असंच म्हटलं असणार. तीनदा. भावावर विसंबलेल्या माणसाचा तो आवाज होता.

"इथं हो म्हणायचं, ताई."

"हो?"

"हो. आणि तिथं बाईने विचारलं तरी हो. झाला होता, बरी झाले, हे माझे कागद. एवढंच सांगायचं. मग ते टेस्ट करत नाहीत, सोडतात."

ताईने रस्त्यावरची नजर काढली. कितीतरी दिवसांनी तिने त्याच्याकडे सरळ तोंड केलं. मधल्या प्लॅस्टिकवर इतक्या लोकांचे श्वास आणि बोटं उमटली होती की तिचा चेहरा पाण्याखालून बघितल्यासारखा दिसत होता. शेजारची कानस थांबली होती. तो थांबला, हात मांडीवर ठेवून. वाक्य तोंडात होतं, सगळं, मधल्या तुकड्यासकट.

"मग तेव्हा," ताई म्हणाली आणि अडखळली. "म्हणजे तेव्हा चालत नव्हतं, ते आता चालतं? नियम बदलला वाटतं."

तिने ते सहज म्हटलं. दमून आलेल्या माणसापुढे पाट सरकवावा तसं. आयुष्यभर तिने त्याच्यापुढे काही ना काही सरकवलंच होतं, आणि तो आयुष्यभर त्यावर बसत आला होता.

"हो," तो म्हणाला. "बदलला."

"कधी रे?"

हे त्याने धरलं नव्हतं. "झाले असतील... ती गेली त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी."

ताईने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला सुरुवात केली. एक हात झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला. ओढणीचं टोक सुटून खांद्यावर पडलं ते तिने उचललं नाही. "वीस दिवस," ती म्हणाली. "वीस दिवस धरू. वीस दिवस तिने कळ काढली असती तर मी पोचले होते." मग तिच्या आवाजात काहीतरी बदललं. राग आला, जुना, घरगुती, अंगणात उभं राहून हाक मारूनही पोरगी ऐकत नाही तेव्हाचा. "पण तिला कुठला धीर. पोटातूनच घाईने आलेली, सातव्यात. पानावरून उठायची ती शेवटचा घास हातात घेऊन. लग्नालासुद्धा थांबली नाही, महिनाभर आधी करून घेतलं. मी किती सांगायची, अगं, जरा दम धर, कुणीतरी येतंय तुझ्या मागून. मी आपली इतके दिवस मलाच बोल लावत बसले."

तिने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखे ते खाली आले होते. तिने स्टूल सरळ केलं, पुढे वाकून दोन्ही कोपरं फळीवर टेकली, आणि तोंड फटीच्या अगदी जवळ आणलं. तिचा श्वास आत त्याच्या हातावर आला. गरम, मिठाच्या पाण्याचा वास असलेला.

"ताई," तो म्हणाला.

"काय?"

त्याने 'हो' दाबलं. दोन चौकोन उघडले, आणि त्याने फोनमधून ते दोन फोटो काढले, एकाला एक लागून असलेले, आणि चढवले.

"वीस दिवस म्हणजे काही फार नव्हते," ताई म्हणाली. आता ती त्याच्याशी बोलत नव्हती. "कुणीतरी तिला सांगायला हवं होतं, बाई, थांब, नियम बदलतात."

फॉर्मवाल्याने घसा साफ केला आणि तो दहावा प्रश्न वाचू लागला.